बिनवाट्याचे मामा

देवालासुद्धा कंटाळा आणू शकेल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सासरी राहत होता. माझ्या सासऱ्यांचे मामा. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा तिथे एकेचाळीस माणसं होती, मी बेचाळिसावी. तीन भाऊ, तीन जावा, त्यांची मुलं, मुलांच्या बायका, त्या बायकांची पाळण्यातली रडकी प्रजा, दोन विधवा आत्या, आणि ह्या सगळ्यांना मिळून चूल एक. चूल म्हणायची म्हणून चूल. तिच्यात एका वेळी एवढी लाकडं जात की त्यांतून मचव्याची डोलकाठी सहज निघाली असती. आणि ह्या बेचाळीस जणांवर जे राज्य करत त्या मामांचं नाव घराच्या, वाडीच्या, विहिरीच्या कुठल्याही कागदावर नव्हतं.

मामा मूळचे कळंबचे, माझ्या आजेसासूंचे धाकटे भाऊ. बहिणीच्या गावी देवळाच्या सणाला दोन दिवसांसाठी म्हणून आले. (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.) तेव्हा माझ्या सासऱ्यांचा बाप्तिस्मादेखील व्हायचा होता. मी आले तेव्हा सासऱ्यांना नातवंडं झाली होती आणि मामांचे दोन दिवस अजून चालूच होते. मध्यंतरी माझ्या आजेसासऱ्यांनी एकदाच, फार भीत भीत, विचारलं म्हणे, "मेव्हणे, जायचं कधी ठरतंय?" मामा म्हणाले, "सण तर होऊ दे." आणि ख्रिस्ती पंचांगात सण नाही असा दिवसच नसतो. आज ह्या संताचा, उद्या त्या संताचा. आजेसासरे बिचारे शेवटी स्वतःच सर्व संतांच्या भेटीला गेले, पण मामा जागचे हलले नाहीत.

घरात प्रत्येकाकडे काम वाटून दिलेलं होतं. कुणाकडे पानमळा, कुणाकडे केळी, कुणाकडे रहाट आणि बैल, कुणाकडे भाताची खाचरं. मामांकडे देव होता. म्हणजे संध्याकाळची माळ, रोझरीची प्रार्थना. देवळात तिन्हीसांजेची घंटा झाली की असेल तो हातातलं टाकून ओटीवर यायचा, वेदीपुढे गुडघे टेकायचा, आणि मग मामा जे सुरू व्हायचे ते संपेपर्यंत घरात कुणाच्या ताटात शीत पडायचं नाही. हा नियम कुणी केला? मामांनीच. मोडायची छाती कुणाची? कुणाचीच नाही.

माळेत नमो मरिया किती वेळा म्हणायची हे सगळ्या ख्रिस्ती जगात ठरलेलं आहे, पण ती किती वेगानं म्हणायची हे पोपसाहेबांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि मामांना नेमकी ती फट सापडली होती. घरात सुरमईचं कालवण असलं की मामांची माळ पोस्टातल्या तारेसारखी जायची. दुधी किंवा पडवळ असलं की एकेक मणी ते जात्यावर दळल्यासारखा दळायचे. पहिल्या दोन मण्यांत सगळ्यांना कळून चुकायचं की आज चुलीवर काय आहे. एकदा डुकराचं मटण होतं, तेव्हा तर मामा इतके सुसाट सुटले की उत्तर द्यायला आम्ही तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या दहा मण्यांत पोचले होते. धाकट्या काकांना त्या दिवशी देवाचं नाव घेता घेता उचकी लागली.

पण खरी मजा माळ संपल्यावर. तेव्हा मामा विनंत्या करत. दुसऱ्या घरांत पावसासाठी, पिकासाठी, आजाऱ्यांसाठी दोन विनंत्या होतात आणि लोक उठतात. मामांच्या विनंत्या म्हणजे दिवसभराचं वर्तमानपत्र. डोळे मिटून, हात जोडून, अत्यंत भाविक आवाजात ते सांगायचे, "काल दुपारी ज्या कोनी शिंक्यावरचे बोंबील उतरवले, पंधरा होते त्याचे नऊ केले, त्या आत्म्याला देवानं पश्चात्ताप द्यावा म्हनून एक नमो मरिया." आणि बोंबील खाणाऱ्यासकट सगळ्या घरानं मोठ्यानं नमो मरिया म्हणायची! आपल्याच विरुद्ध लागलेल्या निकालाला आपणच आमेन म्हणायचं, असलं कोर्ट मी दुसरीकडे पाहिलं नाही.

माझा नंबर लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी लागला. "घरात नवी सून आली आहे," मामा देवाला म्हणाले. "तिला तांदळाची भाकरी थापता येत नाही हे तुला आधीपासून ठाऊक होतं. आम्हाला आज कळलं. तिच्या हातांना वळन यावं, आन तोवर आमच्या दातांना बळ यावं म्हनून एक आमच्या बापा." मी माहेरची लाडकी. रागानं लाल झाले. पण सगळे गुडघ्यांवर, समोर क्रूस, सासूबाई शेजारी. मीही म्हटलं आमच्या बापा, आणि "आमच्या अपराधांची क्षमा कर" इथे आले तेव्हा इतकी ओरडले की परसातल्या कोंबड्या उडाल्या. उठताना मामांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या आत्यांना म्हणाले, "पोरगी टिकेल."

विनंत्यांनंतर मेलेल्यांची यादी. घरातले, नात्यातले, वाडीतले, सगळे मेलेले मामांना क्रमानं पाठ. पहिल्या नंबरावर कुणी खापरपणजोबा, सतराव्यावर मामांचा कळंबचा पुतण्या आंतोन, जो मचव्यावरून पडून गेला. असं करत करत त्रेपन्नाव्या नंबरावर एक बैल होता. त्यानं म्हणे बावीस वर्षं रहाट ओढला. ह्या बैलाची कुणकूण फादरांना लागली. ते एकदा ओटीवर येऊन म्हणाले, "मामा, जनावराला अमर आत्मा नसतो. त्याच्यासाठी प्रार्थना चालत नाही." मामा म्हणाले, "फादर, तुम्ही त्याच्यामागं कधी चाललात काय? नाही ना? मंग तुम्हाला कसं कळनार." फादर म्हणाले, "धर्मशास्त्रात आहे ते." मामा म्हणाले, "शास्त्र लिहिनाऱ्यांकडे रहाट नव्हता." बैल यादीत राहिला.

त्या फादरांची मला खरंच दया यायची. बाकीचे लोक पापं सांगायला जातात ती स्वतःची. मामा महिन्यातून एकदा जायचे आणि बेचाळीस जणांची एकदम सांगून यायचे. मागे रांग खोळंबून पार दरवाज्याबाहेर. आत मामांचं चालू, "थोरल्याला राग फार. मधली रांधते चांगलं पन तोंड करते. धाकटा दारूबंदी आल्यापासून जास्तच पितो..." फादर जाळीतून कळवळून म्हणाले, "मामा, तुमचं सांगा हो, तुमचं!" त्यावर मामांचं उत्तर रांगेतल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत ऐकू गेलं. "माझं? मी ह्यांच्यात राहतो फादर. प्रायश्चित्त आधीच चालू आहे!"

आता सांगते मुख्य गोष्ट. घर फुटलं ती.

आमच्या मधल्या काकी म्हणजे सासऱ्यांच्या मधल्या भावाची बायको. हाडानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या, आणि घरातल्या मोठ्या टोपांवर सगळी सत्ता त्यांची. रोज चाळीस माणसांचं रांधून ती बाई दमत नसे, उलट कुणी कमी जेवलं तर भांडत असे. मामांच्या विनंत्यांत आठवड्यातून चारदा त्यांचं नाव. त्याही नमो मरिया म्हणायच्या आणि ताट वाढताना मामांना म्हणायच्या, "देवाकडे माझी चहाडी झाली? मंग आता माझ्या हातचं गिळा." मामा गिळायचे. दोनदा वाढून घ्यायचे. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

एकदा सणाच्या जत्रेतून काकींनी एक मातीची नवी चूल आणली आणि गोठ्यात पेंढ्याखाली ठेवली. ही चूल मामांच्या नजरेस पडली. विचारायचं की नाही? "बाय, ही कोनासाठी?" एवढं विचारायला किती श्वास लागतो? पण मामांना माणसांशी सरळ बोलायची सवयच नव्हती. त्यांचं सगळं दळणवळण देवामार्फत. संध्याकाळी माळ झाली, आणि मामांनी डोळे मिटून सांगितलं, "ह्या घरात साठ वर्षं एक चूल आहे. आज कोनी तरी दुसरी चूल पेंढ्याखाली लपवली आहे. जिच्या मनात वेगळं व्हायचा सैतान शिरला, त्या सैतानाला देवानं हाकलावं म्हनून तीन आमच्या बापा."

काकींनी तिन्ही आमच्या बापा म्हटल्या. एकही शब्द न गाळता. क्रूसाची खूण केली, गुडघे झटकले, उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "ती चूल माझ्या आयेला न्यायची होती. तिची फुटली आहे. वेगळं व्हायचं माझ्या मनात कधी नव्हतं, मामा." आणि पदर खोचून, "आता आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून धूर निघाला.

मामांनी क्षमा मागितली असती तर त्याच दिवशी मिटलं असतं. पण त्यांनी काय केलं, नऊ दिवसांची नोव्हेना धरली! रोज माळेनंतर सांत आंतोनाला साकडं, की दुसरी चूल विझू दे. आणि गोठ्यातून सांत आंतोनाच्या डोळ्यांदेखत भाजलेल्या वांग्याच्या वासाबरोबर धूर येतोय. सातव्या दिवशी धाकट्या काकांनी कधी नव्हे तो धीर केला. "दोन चुली होतातच, तर तिसरीला काय हरकत?" नवव्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी ओटीवर बसून गुडघ्यावर हात मारला. "बोलवा फादरांना. बोलवा गावच्या चार जनांना. करा वाटनी!"

वाटणी करायला निःपक्षपाती माणूस हवा. फादरांनी सगळ्यांवर नजर फिरवली. तीन भाऊ, तिघांच्या बायका, कुणाचा ना कुणाचा हात प्रत्येक टोपाच्या कडीवर. ज्याला काहीच मिळायचं नाही असा माणूस घरात एकच होता. फादर म्हणाले, "मामा, तुम्हीच करा."

आणि मामांनी केली. सकाळी देवळातली मिस्सा झाल्यावर जे बसले ते दुपार कलेपर्यंत. रहाटाच्या पाळ्या, पानमळ्याच्या सऱ्या, बैल, नारळ, टोप, विळ्या, पाटे, शिड्या. काय तो माणूस वाटणी करत होता! कुठली विळी कुणाच्या हाताला बसते, कुठल्या सुनेला जड पाटा उचलत नाही, कुठल्या माडावरचं पाणी कुणाच्या पोराला आवडतं, सगळं ठाऊक. इतकी वर्षं देवाला जे कळवत होते ते सगळं खरंच बघितलेलं होतं म्हणायचं! एका शब्दाचं भांडण झालं नाही. संतांच्या मूर्ती वाटतानाही नाही. सांत आंतोन हरवलेलं शोधून देतो म्हणून तो तिघांनाही हवा होता. मामा म्हणाले, "धाकट्याला द्या. तो रोज संध्याकाळी स्वतःच हरवतो." धाकट्या काकांनी मान खाली घालून मूर्ती घेतली. राहता राहिला मोठा क्रूस. मामांनी तो हातात घेतला आणि परत खुंटीला लावला. "ह्याला क्रूसावर चढवून शिपायांनी ह्याचे कपडे वाटून घेतले, तेव्हाच एकदा केवढा घोळ झाला होता. हा राहू दे मधल्या भिंतीवर." फादरांना हसू आवरेना, ते खोकल्यासारखं करून बाहेर पाहू लागले.

कागद झाला. तिघांच्या सह्या झाल्या. गावचे चौघे चहा पीत होते, आणि त्यांतला एक म्हातारा, काही वाईट मनात नसताना, सहज म्हणाला, "आन मामा कोनाकडे?"

मामा डाव-पळ्यांच्या जुड्या सुतळीनं बांधत होते. ते बांधतच राहिले. आम्ही बेचाळीस जण तिथे उभे होतो आणि बेचाळिसांच्या ध्यानात ती गोष्ट एकदमच आली. तीन घरांत एवढं काटेकोर वाटलं, पळ्यासुद्धा मोजून, आणि वाटणाऱ्यानं स्वतःला कुठेच ठेवलं नव्हतं. चूकसुद्धा त्याचीच, घर फुटलं तेही त्याच्याच तोंडानं, मग कुठल्या तोंडानं सांगेल की मला तुमच्याकडे घ्या?

"मी काय भांडं आहे वाटायला?" मामा सुतळीला गाठ मारत म्हणाले. "माझी सोय आहे. कळंबला पुतन्या आहे. आंतोन. तो कधीचा म्हनतो, या म्हनून."

फादरांनी आणि गावच्या लोकांनी माना डोलावल्या, बरं झालं, सोय आहे. पण आम्ही घरातले खाली बघत होतो. रोज संध्याकाळी, न चुकता, गुडघे दुखेपर्यंत त्या आंतोनच्या आत्म्याला शांती आम्हीच मागत होतो.

तेवढ्यात काकी बोलल्या. एकच शब्द.

"सतरावा."

मामांची बोटं सुतळीवर थांबली.

"सतरावा नंबर," काकी म्हणाल्या. "मचव्यावरनं पडला. मला काय ठाऊक नाही? कोनाकडे जाताय मामा, दर्यात?" आणि मग सासऱ्यांकडे वळून, कमरेवर हात ठेवून, "मामा माझ्याकडे राहनार. मला शिव्या द्यायला कोन आहे दुसरं?"

सासरे उठून उभे राहिले. ते थोरले, त्यांचा मान. "पहिला महिना तुझ्याकडे. मंग माझ्याकडे. मंग धाकट्याकडे. फादर, हे पन लिहा कागदात."

"लिहायचं नाही," मामा म्हणाले. "टोपांच्या खाली माझं नाव लिहायचं नाही."

तेव्हा ते लिहिलं गेलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर सासऱ्यांनी पुस्तकात बघून माळ सांगितली. पाव तासात संपली. भात वाफाळत पुढ्यात आला, आणि बारा माणसं त्याच्याकडे अशी बघत बसली जशी कुणा तरी परक्याची पत्रावळ चुकून आपल्यापुढे आली आहे. मधल्या भिंतीच्या पलीकडे काकींचं घर. भिंत कुडाची, तिला फक्त लिंपण लावलेलं, पलीकडे कुणी ढेकर दिली तरी अलीकडे माफ करावं लागे. आम्ही सगळे कान लावून बसलो. मामांची माळ झाली. सरळ, एका चालीची, कालवण कसलं आहे याचा काही थांगपत्ता लागू न देणारी. विनंती एक नाही. मेलेल्यांची यादी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा म्हणे निमूट जेवतात, पुन्हा वाढू देत नाहीत, ताट स्वतः उचलतात. पाहुण्यासारखे. पाहुणा म्हणून आलेला माणूस इतक्या वर्षांनी अखेर पाहुणा झाला होता.

काकी परसात मला म्हणाल्या, "मुद्दाम कालवन खारट केलं गे काल. वाटलं, आता तरी देवाला सांगतील. पानी पिऊन गेले."

आठवडाभर त्यांनी सहन केलं होतं. त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे मामांची माळ संपली, माणसं उठायच्या बेतात, आणि काकींचा तो दणदणीत आवाज आला. "थांबा! कोन उठू नका. ह्या घरात एक म्हातारा आहे. त्यानं माझी चूल वेगळी केली. केली तर केली. पन आता तो धड जेवत नाही, धड बोलत नाही, आन मला रांधायला गोडी वाटत नाही. त्याची जीभ देवानं त्याला परत द्यावी म्हनून एक नमो मरिया."

अलीकडे आमचे घास हातात. आणि मग भिंतीतून एक जुना, घोगरा, कुरकुरता आवाज आला, "...पवित्र मरिये, देवमाते..." त्याच्यामागून सगळ्यांचा. आमच्या सासऱ्यांनीसुद्धा, ताटावर बसल्या बसल्या, ओठ हलवले.

आमेन झालं. मामा म्हणाले, "कालचं खारट होतं."

"ठाऊक आहे!" काकी ओरडल्या.

महिना भरला त्या दिवशी सासरे धुतलेला सदरा घालून, टोपी चढवून मामांना आणायला निघाले. दार ते दार बारा पावलं. पण थोरला भाऊ मामाला आणायला जातो म्हटल्यावर थाटात जायला नको? मी मागून मामांसाठी नवी घोंगडी घेऊन. काकी दारातच उभ्या.

"कसले मामा?" काकी म्हणाल्या. "कागद दाखवा. कागदात कुठं लिहिलंय?"

"फादरांसमोर ठरलं होतं!" सासरे म्हणाले.

"ठरलं होतं ना? मंग लिहून का नाही घेतलं?"

"त्यांनीच लिहू दिलं नाही!"

"मंग त्यांनाच विचारा!"

मामा काकींच्या पायरीवर ऊन खात बसले होते. सासऱ्यांचा आवाज चढला की त्यांच्याकडे बघायचे, काकींचा चढला की तिकडे वळायचे. धाकटे काकाही आले, आपली पाळी जाते की काय म्हणून, आणि तेही ओरडायला लागले. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं कुंपणाशी जमली. मामा मधेच हात वर करून म्हणाले, "भांडा, सावकाश भांडा. मला घाई नाही."

तो वाद नऊ वर्षं चालला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सासरे टोपी घालून जायचे, काकी कागद मागायच्या, आणि मामा आपल्या पायरीवर बसून दोन्हीकडचं ऐकायचे. कधी ह्या घरी आठ दिवस राहायचे, कधी त्या, पण कुणाचे म्हणून ते कधी ठरूच दिलं नाही त्यांनी. गेले तेव्हा तिन्ही घरांनी खांदा दिला, आणि त्यावरूनही काकी आणि सासरे कबरस्तानाच्या दारात दोन शब्द बोललेच.

ते शेवटचे. त्यानंतर भांडायला आमच्याकडे काही उरलं नाही. तेव्हापासून आमची तिन्ही घरं एकमेकांशी फार सभ्यपणे वागतात.